दीडपट कशाची?

‘उत्पादनखर्चाच्या दीडपट हमीभाव’ हे आश्वासन आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यातला प्रत्येक शब्द आपल्याला कळतो असे वाटते. दीडपट म्हणजे शंभराचे दीडशे. त्यात न समजण्यासारखे काही नाही. अडचण शंभरापाशी आहे. हे शंभर कोणी मोजले? त्यात काय धरले आणि काय सोडले? ज्याचा खर्च मोजला तो शेतकरी आणि ज्याच्या हातात भाव पडणार तो शेतकरी, हे एकच आहेत का?

प्रश्न एकट्या शेतीचा नाही. खर्चावर काही टक्के चढवायचे आणि ती किंमत मानायची, ही रीत सरकारी बांधकामात आहे, विजेच्या दरात आहे, घर बांधून देणाऱ्या मिस्त्रीच्या बोलीतही आहे. अशा करारात टक्का पहिल्या पानावर असतो. ‘खर्च’ या शब्दाची व्याख्या आतल्या पानांत, परिशिष्टात असते, किंवा कुठेच नसते. माझे म्हणणे असे, की कराराचा न्याय-अन्याय त्या आतल्या पानावर ठरतो. टक्का किती, ही घासाघीस आहे. खर्च म्हणजे काय, हा मात्र नीतीचा प्रश्न आहे. कोणाचे श्रम, कोणाची मालमत्ता आणि कोणाची जोखीम मोजण्याजोगी मानायची, याचे उत्तर त्या व्याख्येत आधीच दिलेले असते.

हे तपासून पाहायला गोंदिया जिल्हा सोयीचा आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी या नद्या, मालगुजारीच्या काळातले तलाव, धानाच्या बांध्या आणि राइस मिला. त्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प. धान, रस्ता आणि वीज या तिन्हींच्या किमतीचे कागद शेजारी ठेवले, की एकच शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी वापरलेला दिसतो.

रस्त्याचा खर्च

रस्त्यापासून सुरुवात करू, कारण तिथला हिशेब सगळ्यांत उघड आहे. सार्वजनिक बांधकामाचे अंदाजपत्रक दरसूचीवर उभे असते आणि दरसूचीतला प्रत्येक दर पृथक्करणावर. एक घनमीटर काँक्रीटला सिमेंट किती, खडी किती, मजूर किती, मिक्सर किती तास. या बेरजेवर आधी व्यवस्थापनाचा वरखर्च चढतो, मग ठेकेदाराचा नफा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पृथक्करणात नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतात. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या प्रमाण पुस्तकात नफा १० टक्के आहे, पण तो वरखर्च मिळवून झालेल्या रकमेवर.

हा ‘कशावर’ लहान वाटतो. शंभराच्या कामावर १० टक्के वरखर्च आणि १० टक्के नफा, दोन्ही मूळ शंभरावर लावले तर १२० होतात. नफा वरखर्चासह काढला तर १२१. एका कोटीमागे लाखाचा फरक, आणि तो टक्का न बदलता पडतो. दुसरी जुनी गफलत खर्चावरचा टक्का आणि विक्रीवरचा टक्का यांतली. शंभराची वस्तू सव्वाशेला विकणारा खर्चावर २५ टक्के कमावतो आणि विक्रीवर २०. दोघे भागीदार ‘वीस टक्के नफा’ असे लिहून सही करतात, एकाच्या मनात १२० असतात आणि दुसऱ्याच्या १२५. यात लबाडी कोणाचीच नसते. शब्दाला पाया दिलेला नसतो, एवढेच.

रस्त्याच्या हिशेबातली आणखी एक गोष्ट पुढे उपयोगी पडेल म्हणून लक्षात ठेवावी. रोलर किंवा मिक्सर यांच्या वापराचा तासाचा दर धरताना ते यंत्र ठेकेदाराचे स्वतःचे आहे की भाड्याने आणलेले, असे कोणी विचारत नाही. स्वतःचे असले तरी दर लागतो. हे योग्यच आहे. यंत्रात त्याचे पैसे अडकले आहेत, ते यंत्र तो दुसऱ्याला भाड्याने देऊ शकला असता. स्वतःची वस्तू वापरली म्हणून ती फुकट होत नाही, हे तत्त्व बांधकामात कोणी वादाचे मानत नाही.

धानाचा खर्च

आता धान. कृषी मूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला. १९८५ पासून त्याच्या नावात ‘खर्च’ हा शब्दही आला आणि तो कृषी खर्च व मूल्य आयोग झाला. या आयोगाच्या भाषेत उत्पादनखर्च एक नसून अनेक आहेत, आणि त्यांना अक्षरांची नावे आहेत. ‘ए-१’ मध्ये बियाणे, खत, औषध, मजुरी, यंत्राचे भाडे, सिंचन, शेतसारा, घसारा, खेळत्या भांडवलावरचे व्याज हे सगळे येते. जमीन ठेक्याने घेतली असेल तर दिलेला ठेका मिळवून ‘ए-२’ होतो. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवली की ‘ए-२ अधिक एफएल’. त्यावर स्वतःच्या जमिनीचे धरलेले भाडे आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज मिळवले की ‘सी-२’. याच्याही पुढे ‘सी-३’ नावाचा एक खर्च आहे. त्यात शेतकरी शेतीचे व्यवस्थापन करतो म्हणून १० टक्के वर धरतात. म्हणजे ठेकेदाराच्या वरखर्चासारखी गोष्ट शेतीच्या हिशेबालाही ठाऊक आहे. भाव ठरवताना ती बाजूला राहते.

‘ए-१’ ची यादी नीट वाचली तर एक विलक्षण गोष्ट दिसते. घरच्या बैलांच्या कामाची किंमत तिच्यात आहे, घरच्या माणसांच्या कामाची नाही. नांगर ओढणारी जोडी खर्चात येते, मागे चालणारा नांगऱ्या येत नाही. पऱ्हे उपटून रोवणीला नेणारी त्याची बायकोही येत नाही. ती दोघे पुढच्या अक्षरात येतात. हिशेब लिहिणाऱ्याने त्यांचा अपमान करायचे ठरवले होते असे मुळीच नाही. ‘ए-१’ ही शेतकऱ्याने बाहेर काय मोजले आणि काय झिजवले याची नोंद आहे, आणि तेवढ्या कामासाठी ती बरोबर आहे. बिघडते ते तेव्हा, जेव्हा एका कामासाठी केलेली व्याख्या दुसऱ्या कामाला जुंपली जाते.

डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००४ ते २००६ या काळात आपले अहवाल दिले. हमीभाव भारित सरासरी उत्पादनखर्चापेक्षा किमान ५० टक्के जास्त असावा, ही त्यांतली सर्वांत गाजलेली शिफारस. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने दीडपट भाव देण्याचे जाहीर केले. त्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला १,७५० रुपये ठरला. ‘ए-२ अधिक एफएल’ खर्च १,१६६ रुपये होता, त्याची दीडपट १,७४९. आश्वासन रुपयापर्यंत पाळले गेले. पण त्याच वर्षीचा आयोगाचा ‘सी-२’ खर्च १,५६० रुपये होता आणि त्याची दीडपट २,३४० होते. क्विंटलमागे ५९० रुपयांचा हा फरक म्हणजे गेल्या काही वर्षांतल्या शेतकरी आंदोलनांचा एक मुख्य मुद्दा.

या आकड्यांकडे आणखी एका बाजूने बघता येते. १,७५० मधून १,५६० वजा केले तर १९० उरतात. ते १,५६० च्या सुमारे १२ टक्के आहेत. म्हणजे तोच भाव एका व्याख्येने खर्चावर ५० टक्के नफा देतो आणि दुसऱ्या व्याख्येने १२ टक्के. रस्त्याच्या ठेकेदाराला १० टक्के आणि शेतकऱ्याला ५० टक्के, असे ऐकून शहरातल्या माणसाला शेतकऱ्याचे बरे चालले आहे असे वाटणे साहजिक आहे. पण ठेकेदाराच्या मोजपट्टीने मोजले, म्हणजे स्वतःची वस्तू वापरली तरी तिचे भाडे धरून, तर दोघे जवळजवळ शेजारी येऊन बसतात.

हा अखिल भारतीय सरासरीचा हिशेब आहे. पंजाबात पाणी हमखास आणि एकरी उतारा मोठा, म्हणून क्विंटलमागचा खर्च कमी. महाराष्ट्राचा खर्च त्या मानाने कितीतरी जास्त आहे. भाव मात्र देशभर एक. अर्जुनी मोरगावच्या शेतकऱ्याला दीडपट मिळते, ती त्याच्या स्वतःच्या खर्चाची नसते. देशाच्या सरासरीत जो काल्पनिक शेतकरी उभा आहे, त्याच्या खर्चाची असते.

दुसरी बाजू

‘सी-२’ च्या विरोधात एक गंभीर युक्तिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. जमिनीचे भाडे पिकाच्या भावावर ठरते. भाव वाढला की ठेका वाढतो. मग ठेका खर्चात धरून त्यावर भाव ठरवला तर भाव वाढल्याने खर्च वाढेल आणि खर्च वाढल्याने भाव. साप स्वतःचीच शेपटी गिळतो. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये धान्याच्या भावाबद्दल हेच सांगितले होते: खंड हे भावाचे कारण नसून परिणाम आहे. शिवाय जमीन यंत्रासारखी झिजत नाही. मग रोलरचे भाडे आणि बांधीचे भाडे एका रांगेत का बसवायचे? आणि जमिनीच्या भाड्यावर पुन्हा ५० टक्के चढवायचे, म्हणजे ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला जमीन असल्याचेच जास्त पैसे द्यायचे.

हा युक्तिवाद मला बराच पटतो. स्वतःच्या जमिनीच्या मानलेल्या भाड्यावर दीडपट लावणे न्याय्य आहे असे मी म्हणू शकत नाही. पण त्यातून ‘ए-२ अधिक एफएल’ न्याय्य ठरत नाही, कारण एक माणूस या वादात दोन्ही बाजूंच्या हातून निसटतो. तो म्हणजे दुसऱ्याची जमीन ठेक्याने करणारा. त्याच्यासाठी ठेका मानलेला नाही, मोजलेला आहे. रोख, बहुतेकदा हंगामाच्या आधी. ‘ए-२’ मध्ये त्याचा ठेका येतो हे खरे, पण त्यानंतर सरासरी काढली जाते. ठेका न देणाऱ्या मालक-शेतकऱ्यांच्या संख्येत तो ठेका विरघळून जातो. सरासरीतून जो भाव निघतो त्यात ठेक्याचा थोडासा अंश असतो, तर ठेकेकऱ्याच्या खिशातून तो पुरा गेलेला असतो. आधारभूत खरेदी केंद्रावर नोंदणी सातबाऱ्यावर होते आणि सातबारा मालकाचा. कागदावरचा शेतकरी वेगळा, चिखलात उभा असलेला वेगळा. रिकार्डोचा आक्षेप मालकाला लागू पडतो, आणि त्याची शिक्षा ठेकेकऱ्याला होते.

घरच्या श्रमाचेही असेच आहे. तो खर्चात धरला, हे चांगले झाले. पण कोणत्या दराने? ज्या गावात रोवणीच्या दिवसाला बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी आहे, त्या गावच्या चालू दराने घरच्या बाईचे काम मोजले, तर बाजारातला अन्याय हिशेबाच्या वहीत जसाच्या तसा उतरतो आणि पुढे तोच ‘वस्तुनिष्ठ खर्च’ म्हणून मिरवतो. एकरी हुंडा ठरवून रोवणी करणाऱ्या बायकांच्या टोळीला निदान आपला दर बोलता येतो. घरची बाई स्वतःच्याच शेतात हुंडा मागू शकत नाही.

एकर आणि क्विंटल

आता व्याख्येतल्या एका अशा गोष्टीकडे वळू जी बेरजेत दिसतच नाही. शेतकऱ्याचा खर्च एकराला होतो, भाव क्विंटलला मिळतो. नांगरणी, चिखलणी, रोवणी, निंदण, फवारणी हे सगळे एकरावर. दोघांच्या मध्ये पाऊस उभा आहे आणि तुडतुडा उभा आहे. एकरी सोळा क्विंटल होतील असे धरून केलेला खर्च आठ क्विंटल झाले तरी तेवढाच राहतो, फक्त कापणी-मळणीचे थोडे वाचतात. नफ्याचा टक्का पिकलेल्या क्विंटलवर लागतो. न पिकलेल्याचा खर्च कोणत्याच टक्क्यात बसत नाही. सरासरी उतारा धरून केलेल्या हिशेबात वाईट वर्षे मिसळलेली असतात असे सांख्यिकीवाला म्हणेल, आणि देशाच्या पातळीवर ते खरे आहे. पण कर्ज सरासरीने फेडता येत नाही.

तिरोड्याच्या विजेचा करार इथे आठवतो. तिथला दर स्पर्धात्मक बोलीतून ठरला होता. म्हणजे कंपनीने आपला खर्च आणि नफा स्वतः जोखून एक आकडा दिला. नंतर देशी कोळशाचा पुरवठा धोरणात अपेक्षित होता तेवढा झाला नाही आणि महागडा कोळसा घ्यावा लागला. अशा वीज खरेदी करारांत कायदा बदलल्यास काय, याचे एक कलम असते. त्याचा सारांश असा, की बदल झालाच नसता तर बाधित पक्ष ज्या आर्थिक स्थितीत असता त्या स्थितीत त्याला आणून ठेवायचे. अदानी पॉवर आणि महावितरण यांच्यातला हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये न्यायालयाने कंपनीची भरपाई मान्य केली. करारात कलम होते, न्यायालयाने ते लागू केले. यात गैर काही नाही. हे कलम तत्त्व म्हणून मला आवडते: तुमच्या हाताबाहेरच्या, सरकारी धोरणातून आलेल्या बदलाचा भार तुमच्या एकट्यावर नको.

मग तेच तत्त्व बांधीला का लागत नाही? डिझेलवरचा कर, खताच्या अनुदानातला फेरफार, तांदळाच्या निर्यातीवरची बंधने, हेही धोरणातलेच बदल. बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात जुलै २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा ‘बंदी नसती तर जी आर्थिक स्थिती असती’ ती धान उत्पादकाला परत मिळवून देणारे कलम कुठेही नव्हते. कारण सरळ आहे. हमीभाव हा करारच नाही. ते सरकारने केलेले निवेदन आहे. व्यापाऱ्याने हमीभावाच्या खाली धान घेतले तर शेतकऱ्याला करारभंगाचा दावा लावता येत नाही. याउलट ठेकेदाराचे काम सरकारने बेकायदा काढून घेतले तर बुडालेला नफाही मागता येतो. १९८४ च्या ए. टी. ब्रिज पॉल सिंग विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या कामाच्या किमतीच्या १५ टक्के इतका नफा ठेकेदाराचे नुकसान म्हणून धरला. ठेकेदार काम घेतो तेव्हा नफ्याची अपेक्षा त्यात गृहीतच असते, हे तत्त्व तिथे मान्य झाले. शेतकऱ्याची तीच अपेक्षा न्यायालयात उभी राहू शकत नाही.

खर्च करणाऱ्याला बक्षीस

खर्चावर टक्का या पद्धतीवर सर्वांत जुना आक्षेप वेगळाच आहे. जो जास्त खर्च करेल त्याला जास्त नफा. दहा टक्के नफा ठरला असेल तर शंभराऐवजी दोनशे खर्च करणारा दहाऐवजी वीस कमावतो. काटकसर ही त्याच्यासाठी नुकसानीची गोष्ट होते. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी कामांत हा अनुभव आला, आणि आज तिथल्या केंद्रीय सरकारी खरेदीच्या नियमांत खर्चावर टक्केवारीने नफा देणारे करार निषिद्ध आहेत. त्याऐवजी खर्च भरून द्यायचा आणि वर एक ठरीव रक्कम द्यायची, खर्च वाढला तरी ती वाढत नाही, अशी पद्धत चालते.

धानाच्या बाबतीत हा आक्षेप तितका लागू होत नाही. भाव सरासरी खर्चावर ठरतो, त्यामुळे एखाद्याने खताची दोन पोती जास्त टाकली म्हणून त्याला भाव जास्त मिळत नाही. पण टक्क्याऐवजी ठरीव रक्कम, हा विचार आपल्याकडेही आला आहे. राज्य सरकार धानाला हमीभावावर बोनस देत असे, तो क्विंटलमागे असे. २०२२-२३ च्या हंगामापासून तो हेक्टरी झाला: हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. बोनस क्विंटलमागे असला की दुसरीकडून स्वस्तात आणलेले धान इथे कोणाच्या तरी सातबाऱ्यावर चढवण्याचा मोह होतो. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या जिल्ह्यात हा मोह लांबचा नाही. हेक्टरी केल्याने तो संपतो, शिवाय एकर आणि क्विंटल यांच्या मधली जोखीमही थोडी हलकी होते. पीक पडले तरी हेक्टर तेवढेच राहते. पण हेक्टर कोणाच्या नावाचे, हा प्रश्न पुन्हा सातबाऱ्यापाशीच येऊन थांबतो. पाया बदलला, तरी ठेकेकरी पायाच्या बाहेरच राहिला.

व्याख्येतून खर्चच गळतो असे नाही, उत्पन्नही गळते. सरकारी धान भरडून देण्याच्या करारात मिलवाल्याला उकडा नसलेल्या तांदळासाठी क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ जमा करावा लागतो. त्याला भरडाईचा जो दर मिळतो तो ऐकायला तुटपुंजा वाटतो, आणि मिलवाले तो न परवडणारा म्हणतात. पण कोंडा, कणी आणि भुसा मिलमध्ये राहतो आणि त्याला बाजार आहे. हे उत्पन्न दर ठरवताना नीट धरले जात नाही, असा आक्षेप महालेखापालांनी २०१५ च्या अहवालात घेतला होता. त्याउलट शेतकऱ्याच्या क्विंटलचा खर्च काढताना त्याच्या तणसाची किंमत लक्षात घेऊन एकूण खर्चाची विभागणी केली जाते. एकाच धानाच्या दाण्याच्या प्रवासात एका टप्प्यावर जोडउत्पादन हिशेबात आहे आणि पुढच्या टप्प्यावर नाही. मिलवाल्यांचे वीजबिल, पडून राहिलेला साठा, उशिरा मिळणारी बिले या तक्रारी खऱ्या असू शकतात. पण त्या तपासायलाही मोजपट्टी एकच लागेल.

मग न्याय्य टक्का कोणता?

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त व्यापाऱ्याच्या नफ्याला मर्यादा घातलेली आहे: देशी मालावर पाच टक्के, परदेशी मालावर दहा, आणि तीही ठरवून दिलेल्या खरेदी किमतीच्या वर. दुपटीचे कारण समजण्यासारखे आहे. लांबून आणण्यात वाट आणि धोका जास्त. व्यापाऱ्याच्या बाबतीत ‘खर्च’ हा शब्द सोपा असतो, खरेदीची किंमत हाच पाया. शेतकऱ्याकडे अशी पावती नसते. त्याच्या खर्चाचा एक भाग पावतीचा, एक भाग बिनपावतीच्या रोखीचा, आणि एक मोठा भाग असा, की ज्यात पैसा हातातून गेलेलाच नाही: स्वतःचे दिवस, स्वतःची जमीन, घरच्यांची पहाट. पावतीवर विश्वास ठेवणारी व्यवस्था पावती असणाऱ्यांच्या बाजूने झुकते, मग लिहिणाऱ्याच्या मनात तसे असो वा नसो.

१९८० च्या दशकात शरद जोशींनी ‘शेतमालाला उत्पादनखर्चावर आधारित रास्त भाव’ ही एकच मागणी घेऊन महाराष्ट्रभर आंदोलन उभे केले, तेव्हा खर्च कसा काढतात यावरही घणाघात केला होता. त्या मागणीतला ‘रास्त’ हा शब्द मला ‘दीडपट’पेक्षा अवघड आणि म्हणून जास्त प्रामाणिक वाटतो. दीडपट कशासाठी, हे कोणी सांगत नाही. ते ५० टक्के जोखमीचे आहेत? व्यवस्थापनाचे? सोडून दिलेल्या जमीनभाड्याची अंधूक भरपाई? एका ठोक आकड्यात हे सगळे कोंबले, की कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. मागणारा मोठा आकडा मागतो, देणारा लहान पायावर तो मोठा आकडा देतो, आणि दोघेही शब्द पाळल्याचे किंवा मोडल्याचे आपापले दाखले बाळगतात.

म्हणून कोणत्याही ‘खर्च अधिक टक्का’ कराराला मी तीन प्रश्न विचारीन. पहिला, एकाच जातीचा खर्च सगळ्यांच्या बाबतीत सारखा धरला आहे का? ठेकेदाराच्या रोलरला भाडे असेल तर ठेकेकऱ्याच्या बांधीचा प्रत्यक्ष दिलेला ठेका पुराच्या पुरा दिसायला हवा. दुसरा, टक्क्याचा कोणता हिस्सा कशाचा मोबदला आहे, हे लिहिले आहे का? जोखमीचा हिस्सा वेगळा लिहिला, तर पीक बुडाल्यावर तो कुठे गेला हे विचारता येते. तिसरा, ज्याचा खर्च मोजला त्याला ती मोजणी बघता येते का आणि तिच्यावर हरकत घेता येते का? अंदाजपत्रकाला ठेकेदार निविदेतून उत्तर देतो, जास्त दर भरून किंवा अजिबात न भरून. वीज कंपनी आयोगापुढे वकील उभा करते. शेतकऱ्याच्या खर्चाची पाहणी त्याच्या शेतात होते, निकाल दुसऱ्या गावी लागतो.

या तिन्हींची उत्तरे दिली, तर भाव कदाचित फार वाढणार नाही. सरकारकडे पैसे मर्यादित आहेत, तांदूळ खाणाराही गरीब आहे, आणि शिधापत्रिकेवरच्या तांदळाचा भार शेवटी कोणी तरी उचलतोच. २०१८ च्याच आकड्यांनी बोलायचे, तर ‘तुमच्या सगळ्या खर्चावर आम्ही १२ टक्के देतो, यापेक्षा जास्त देणे आज आम्हाला शक्य नाही’ असे सरकार म्हणू शकले असते. भाव तोच राहिला असता, १,७५० रुपये. घोषणा मात्र फार लहान झाली असती. तरीही मला ती जास्त न्यायाची वाटली असती. कमी मिळणे माणूस समजून घेतो, त्यावर भांडतो, तडजोड करतो. पण आपण केलेले काम, दिलेला ठेका आणि पेललेला धोका हे खर्चच नव्हते असे ऐकल्यावर भांडायलाही जागा उरत नाही, कारण सांगणाऱ्याच्या कागदावर त्याला दीडपट मिळून गेलेले असतात.